बिऱ्हाड कुठं मांडावं?

मागच्या चैत्रात माझ्या मुलाने मला एक तक्ता पाठवला. नाशिकची नोकरी सोडून तो पुण्याला चालला होता. सोबत बायको, आठ वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. तक्त्यात पाच वस्त्या होत्या आणि प्रत्येकीपुढे रकाने : भाडं, ऑफिसचं अंतर, शाळा, दवाखाना, पाणी, आणि शेवटी ‘सोसायटीचं वातावरण’. खाली लिहिलं होतं, ‘आई, तू जुन्या मुंबईतल्या घरांवर एवढं वाचतेस, तर सांग, नक्की काय बघायचं असतं?’

असाच तक्ता मी आधी पाहिला होता. माझ्या आजोबांचा, १९३० सालचा, मोडीत लिहिलेला.

आजोबा फोर्टातल्या एका पेढीत कारकून होते. गिरगावात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दीड खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या किरकोळ खर्चाच्या तीन वह्या वडिलांच्या पश्चात माझ्याकडे आल्या. मी वाणिज्य शाखेची, विमा कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई. मोडी मला येत नव्हती. सेवानिवृत्तीच्या जरा आधी एका वर्गात बसून शिकले, तीही केवळ या वह्यांसाठी. वाचता येऊ लागल्यावर पहिले सहा महिने फक्त भाजीचे भाव हाती लागले. मग मधल्या वहीच्या शेवटच्या पानांवर हा तक्ता निघाला. चार जागा : परळ, दादर, माटुंगा, पार्ले. रकाने पाच : भाडे, पास, पाणी, शाळा, शेजार. पास म्हणजे रेल्वेचा महिन्याचा पास.

एका कारकुनाला राहायला चार ठिकाणांतून निवड करता यावी, ही गोष्ट त्याच्या वडिलांच्या वेळी शक्य नव्हती. ती शक्य कशी झाली, हे समजायला प्लेगापर्यंत मागे जावं लागतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगाचे रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. एवढं वाढतं शहर दहा वर्षांत आकसलं. आमचे पणजोबाही त्या थंडीत कुटुंबाला घेऊन कोकणात गेले आणि साथ ओसरल्यावर परत आले, ते त्याच चाळीत. कारण दुसरी जागा नव्हती. कचेरी पायी गाठायची, तर बिऱ्हाड गिरगाव, भुलेश्वर, ठाकूरद्वार याच पट्ट्यात हवं.

साथीने सरकारला मात्र हलवलं. १८९८ मध्ये कायदा करून मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा खेळती करायची, रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची, असा त्याचा कार्यक्रम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच निघाले. रस्त्यात ज्यांची घरं गेली, त्यांतले पुष्कळ जण शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या चाळींत जाऊन कोंबले गेले. ट्रस्टच्या कामावरची ही टीका तेव्हापासूनची आहे. उत्तरेकडे दादर-माटुंग्याची भातशेती ताब्यात घेऊन तिथे रस्ते आणि प्लॉट आखले गेले, पण वस्ती प्रत्यक्षात उभी राहिली ती बरीचशी पहिल्या महायुद्धानंतर. तोवर एक पिढी निघून गेली.

या ट्रस्टचे एक चेअरमन, जे. पी. ऑर, घरातल्या उजेड-वाऱ्याच्या प्रश्नाने झपाटलेले होते. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खालच्या खोलीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. साध्या हिशेबात सांगायचं, तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर मधे मोकळं हवं. आज हिंदू कॉलनीच्या जुन्या गल्ल्यांतून चालताना दोन घरांमधे आभाळ दिसतं, त्यात या कोनाचा वाटा आहे. गिरगावातल्या आमच्या मागच्या खोलीत दुपारी बारालाही कंदील लागे, असं आजी सांगायची.

नव्या वस्त्यांना माणसं कशी मिळाली, हाही भाग मोठा आहे. पाणी होतं : विहार १८६० पासून, तुळशी १८७९ पासून, तानसा १८९२ पासून. ट्राम दादरपर्यंत आली, ‘दादर टी. टी.’मधलं टी. टी. त्या ट्रामच्या टर्मिनसचंच. १९२५ मध्ये बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडची बोरिवलीपर्यंत. त्याआधी १९१५ मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली होती. सहकाराने मध्यमवर्गाला घर मिळू शकतं, हे तिने दाखवलं. आणि ते आपल्या ज्ञातीपुरतं ठेवता येतं, हेही. पार्शांसाठी मंचेरजी जोशींनी दादरला वेगळी कॉलनी मिळवली. माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी जमली. पार्ल्याला १९२१ मध्ये टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ निघाला, म्हणजे घरं पुरती होण्याआधीच शाळा आणि व्याख्यानमालेची सोय!

कागदावर उत्तम असलेली जागा माणसं नाकारतात, हेही याच काळात दिसलं. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने विसाच्या दशकात कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या, त्याच आपल्या बीडीडी. त्यांतल्या वरळीच्या पुष्कळ खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. गिरणी लांब, बाजार लांब. भिंती सिमेंटच्या असून काय करायचं?

आता आजोबांचा तक्ता. पार्ल्यापुढे लिहिलंय : भाडे कमी, पास जड, पाणी विहिरीचे, शाळा उत्तम, शेजार ‘आपले, पण रान’. माटुंगा : भाडे जास्त, पाणी नळाचे, शेजार ‘मद्रासी, सोवळे’. परळ : भाडे सर्वांत कमी, शेजार ‘मिश्र’, आणि त्यावर काट. दादर, हिंदू कॉलनी : पाणी नळाचे, शाळा किंग जॉर्ज (आताचं राजा शिवाजी विद्यालय), शेजार ‘सर्व आपल्यांतले’. याखाली दोन रेघा.

मंदीचे दिवस होते. नव्या इमारतींवर ‘जागा भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लटकत होत्या. “घरमालक हात जोडून बोलवायचे अगं,” आजी म्हणायची. पुढे पागडीच्या जमान्यात हे कुणाला खरं वाटेना.

आजीला तक्त्यातलं काही विचारलेलं नव्हतं. पण जागा पाहायला ती गेली आणि तिने दोन गोष्टी केल्या. दुपारी तीन वाजता, म्हणजे पाणी असण्याची वेळ नसताना, मोरीतला नळ सोडून पाहिला. आजोबांना मालकासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने संडास कुठे आहे विचारलं आणि उत्तर ऐकून ती जिन्यातच बसली. संडास घरात होता.

आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. चाळीतून ‘ब्लॉक’मध्ये जाणं म्हणजे स्वतंत्र मोरी आणि स्वतंत्र संडास मिळणं, यालाच आपण सुधारणा म्हणतो. पण गिरगावात संडास मजल्याच्या टोकाला होता आणि त्यामागे हाउसगल्ली. तिथून माणसं येऊन टोपल्यांतला मैला डोक्यावरून वाहून नेत. सोवळ्यातल्या बाईच्या हिशेबी ही सगळी घाण घराच्या हद्दीबाहेर होती. ती आता देवघराच्या पलीकडच्या भिंतीला येणार होती. मालकाने साखळी ओढून दाखवली, पाणी धो धो वाहिलं. आजी चार दिवसांनी कबूल झाली, ती संडासाच्या दाराबाहेर पडदा लावायच्या अटीवर. वहीत १९३१ च्या जूनमध्ये ‘पडदा, खादी, सव्वा वार’ असा खर्च आहे. गिरगावातल्या वर्षांत दर दिवाळीला पोस्त दिल्याच्या नोंदी आहेत. दूधवाला, पोस्टमन यांची नावं आहेत. हाउसगल्लीत येणाऱ्याची नोंद जातीच्या नावाने आहे. दादरला आल्यावर ती ओळच नाही.

जागा बदलण्याचं कारण वहीत कुठे लिहिलेलं नाही. वडिलांनाही ते ठाऊक नव्हतं. ते १९३२ चे, दादरच्या घरातले. मी तिसऱ्यांदा वाचताना १९२९ च्या पानांवर थबकले. ऑगस्टमध्ये ‘बाळंतपण, सुईण’ असा खर्च आहे. त्यानंतर रोज पाव शेर दूध जादा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर तीन वेळा. त्यानंतरच्या दिवशी दोनच शब्द : ‘दूध बंद’. १९२६ च्या पानांवर परतले, तर तिथेही हाच क्रम होता. तेव्हा मी ती ओळ नुसत्या खर्चाची ओळ म्हणून वाचली होती.

१९२१ मध्ये मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदलेल्या हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जपून वापरावा लागतो, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. काही वजा केलं तरी उरतं ते भयंकर आहे. आजीने मला कंदिलाचं सांगितलं, नळाचं सांगितलं, पडद्याचं तर हसत हसत कितीदा सांगितलं. या दोन मुलांबद्दल ती १९८५ मध्ये जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

म्हणजे शेजाराच्या रकान्याखाली दोन रेघा ओढणारा हा माणूस कशातून आला होता, हे मला आता माहीत आहे. तरी त्या रेघांपाशी मी अडते.

कारण ट्रस्टच्याच आखणीतल्या हिंदू कॉलनीत, आमच्या बिऱ्हाडाहून पाच मिनिटांवर, त्याच वर्षांत आणखी एक कुटुंब राहायला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. त्यांचा घरांचा इतिहास आमच्यापेक्षा फार वेगळा. वडील रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईला आले, ते परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत. जागा एवढी अपुरी की मुलाला लवकर झोपवून ते स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवत. पुढे बिऱ्हाड परळलाच पोयबावडीजवळ ट्रस्टच्या चाळीत गेलं आणि बाबासाहेब परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळवूनही १९३४ पर्यंत तिथेच राहिले. आजोबांनी काट मारलेलं परळ ते हेच.

१९१७ मध्ये कोलंबियात शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी खानावळीत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, दोघांनीही टाळलं. मग रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. हातात नोकरी, पदवी, पैसा असताना एका रात्रीच्या निवाऱ्याचीही निवड करता न आलेल्या या माणसाने पुढे दादरला स्वतः घर बांधलं, ग्रंथांसाठी ऐसपैस जागा ठेवून. राजगृह. रमाबाईंचं निधन २७ मे १९३५ रोजी तिथेच झालं.

आजोबांच्या १९३४-३५ च्या वहीत मी राजगृहाचा उल्लेख शोधला. त्या वर्षी गल्लीत नवं कोण आलं, कुणाकडे रेडिओ आला, पंचमीला कुणाकडे भिजाणं झालं, हे सगळं आहे. वहीच्या समासात इतक्या बारीक चौकश्या करणाऱ्या माणसाच्या नजरेतून एवढी वास्तू सुटेल असं मला वाटत नाही. त्याने ती लिहिली नाही. का, याचं उत्तर त्याच्या तक्त्याच्या पाचव्या रकान्यात आहे, असं माझं मत आहे. घरातल्या काहींना ते पटत नाही.

वडिलांना मी एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. मग डिसेंबर १९५६ चं सांगू लागले. बाबासाहेबांचं पार्थिव दिल्लीहून राजगृहावर आणलं, त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते. “आमच्या खिडकीखालून रात्रभर माणसं चालत होती,” ते म्हणाले. “आजोबांनी खिडकी लावून घेतली नाही. पण दिवाही लावला नाही.”

मुलाच्या तक्त्याला उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले. वस्ती त्याची त्यानेच निवडली. मी त्याला एवढंच कळवलं की एजंट जर ‘तिथं सगळी आपलीच माणसं आहेत’ असं म्हणाला, तर आपली म्हणजे कोण, हे त्याच्याकडून नाव घेऊन वदवून घे. ‘सोसायटीचं वातावरण’ या रकान्यात ते उत्तर जसंच्या तसं लिही आणि मुलांना वाचून दाखवता येतं का पाहा. आणि वॉचमनला गाठून विचार, मे महिन्यात टँकर किती वाजता येतो. नळ मात्र दुपारी तीनला सोडून बघायचा.