लोगो तयार झाला. डिझायनरकडून कोणकोणत्या फाईल घ्यायच्या?

जालना : जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पेटीवर, पाकिटावर आपला स्वतःचा लोगो असावा, असं बचत गटांना आणि शेतकरी कंपन्यांनाही वाटतं. पण डिझायनरकडून व्हॉट्सॲपवर नुसता फोटो घेतला, तर तोच लोगो मोठ्या फ्लेक्सवर फाटतो. म्हणून पैसे चुकते करण्याआधी या फाईल मागून घ्या.

सीडीआर : कोरलड्रॉची मूळ फाईल. फ्लेक्सवाले, प्रेसवाले बहुतेक हीच मागतात. यात लोगो रेषांनी काढलेला असतो, म्हणून २ इंची लेबल असो की २० फुटी फ्लेक्स, कडा स्वच्छ राहतात. आत जेपीजी चिकटवून दिलेली सीडीआर मात्र घेऊ नका. मराठी अक्षरं ‘कर्व्ह’ करून घ्या. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की काना-वेलांटी बिघडते.

पीडीएफ : नवी सीडीआर जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, तेव्हा ही कामाला येते.

पीएनजी : मागची बाजू पारदर्शक ठेवता येते. मालाच्या फोटोवर, स्टेटसवर लोगो टाकायला हीच बरी. जेपीजी टाकली तर मागे पांढरा चौकोन दिसतो.

जेपीजी : ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला लागते. पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केली की खराब होत जाते.

व्हॉट्सॲपवर फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा आणि स्वतःच्या ईमेलवरही टाकून ठेवा. मोबाईल हरवला, प्रेस बदलली, तरी लोगो परत बनवायचा खर्च पडणार नाही.