सीमेपलीकडचा नंदी

शाळेची सहल म्हटली कीं आमच्या मिरजेंतील मुलांच्या डोळ्यांपुढें पन्हाळा उभा राहतो. पन्हाळा नसेल तर प्रतापगड किंवा रायगड. किल्ल्यावर जावें, तेथें एखाद्या लढाईची हकीकत ऐकावी, डबे सोडावे, आणि घसे बसेपर्यंत जयघोष करीत संध्याकाळीं परतावें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. त्यास माझा विरोध नाहीं. मी स्वतः याच क्रमानें इतिहास शिकलों, आणि पुढें शिक्षक झाल्यावर अनेक वर्षें याच क्रमानें शिकविला. परंतु गेल्या हिंवाळ्यांत येथील एका शाळेच्या नववीच्या वर्गाबरोबर जाण्याचा योग आला, तेव्हां शिक्षकांच्या संमतीनें आम्हीं किल्ला सोडून कृष्णेची वाट धरली. मिरज, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर, असा हा एका दिवसाचा प्रवास. अंतर थोडें आहे; पण तेवढ्यांत देवस्थानें आणि त्यांवरचे हक्क एकमेकांस इतके खेटून उभे आहेत कीं मुलांस काय सांगावें आणि काय सांगूं नये या विवंचनेंत मला आदल्या रात्रीं झोंप आली नाहीं.

ही विवंचना कांहीं आमचीच नव्हे. पॅलेस्टाइन ही तीन धर्मांची पुण्यभूमि. १८६७ सालीं ‘क्वेकर सिटी’ नांवाच्या आगबोटीनें अमेरिकन प्रवाशांची एक मंडळी निघाली व फिरत फिरत तिकडे गेली. तींत मार्क ट्वेन हा विनोदी लेखक होता. दोनच वर्षांनीं टॉमस कुकनें आपली पहिली टोळी त्या देशांत नेली, आणि तेव्हांपासून तेथील सामुदायिक प्रवासाचा जणूं कारखाना सुरू झाला. ट्वेननें आपल्या सोबत्यांची जी थट्टा केली आहे तिचें सार असें कीं, ही मंडळी डोळ्यांनीं देश पाहतच नव्हती. घरून वाचून आणलेल्या प्रवासवर्णनांतील वाक्यें तेथील डोंगरांवर चिकटवीत होती. ही थट्टा मीं प्रथम वाचली तेव्हां हंसलों. पुढें लक्षांत आलें कीं आपल्या किल्ल्यावरच्या सहलींतहि बहुधा हेंच घडतें.

निघण्यापूर्वीं मुलांस त्यांच्या गांवाचीच ओळख करून देणें भाग होतें, कारण राहत्या गांवाविषयींचें अज्ञान सर्वांत दाट असतें. चालुक्य राजा जयसिंह याचा शके ९४६ चा, म्हणजे इ. स. १०२४ चा, ताम्रपट विद्वानांत मिरजेच्या नांवानेंच प्रसिद्ध आहे. पुढें हा मुलूख कोल्हापूरच्या शिलाहारांकडे आला. त्यांतील गंडरादित्य राजानें मिरज प्रांतांत इरुकुडी येथें गंडसमुद्र नांवाचा तलाव बांधला, त्याच्या कांठीं ईश्वर, बुद्ध आणि अर्हत या तिघांची स्थापना केली, व तिघांस वेगवेगळी जमीन तोडून दिली, असें शिलाहारांच्या ताम्रपटावरून कळतें. एकाच पाळीवर तीन देवस्थानें, आणि तिन्हींचा दिवाबत्तीचा खर्च एकाच राजाच्या पदरीं! मुलांस ही गोष्ट फार आवडली. एकानें विचारलें, ‘राजा स्वतः कुणाचा होता?’ प्रश्न मार्मिक होता. परंतु तो तलावाकडे पाहून विचारला जात नाहीं, आपल्या काळाकडे पाहून विचारला जातो, एवढें त्या मुलास सांगण्याचें मला सुचलें नाहीं.

त्यापुढील मालिका भरभर सांगतों. यादव, बहामनी, आदिलशाही, १६६० मध्यें शिवाजीमहाराजांचा वेढा, जो सिद्दी जौहर चालून आल्यामुळें सोडून द्यावा लागला, नंतर मोगल, १७३९ मध्यें शाहूमहाराज, ज्यांनीं जातीनें येऊन किल्ला घेतला, पुढें पटवर्धन. माधवराव पेशव्यांच्या आरंभींच्या काळांत खुद्द राघोबादादांनीं मिरजेवर फौज आणली व पटवर्धनांचा किल्ला घेतला. गोपाळराव पटवर्धन चिडून निजामास जाऊन मिळाले, आणि १७६३ मध्यें त्याच निजामाच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें. राक्षसभुवनच्या लढाईनंतर मिरज पटवर्धनांस परत मिळाली. आपला कोण आणि परका कोण याचा जो सोपा तक्ता मुलें पाठ करून येतात, तो या एका वर्षाच्या हकीकतीपुढें टिकत नाहीं. १९४८ मध्यें संस्थानें विलीन झालीं, १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्यें त्याचेंच नांव सांगली ठेवण्यांत आलें.

पटवर्धनांची ही हकीकत आपणांस इतक्या बारकाईनें ठाऊक आहे ती एका शाळामास्तराच्या कृपेनें. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत, आणि शाळेबाहेरचा वेळ पटवर्धनी दप्तरांतील मोडी पत्रें वाचण्यांत घालवीत. १८९७ पासून त्यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. नाटककार म्हणूनहि त्यांचें नांव होतें; पण नाटकें मागें पडलीं, पत्रें उरलीं. या पत्रांतून जयघोष ऐकूं येत नाहीं. फौजेचा खर्च, चढलेलें कर्ज, थकलेला पगार, सरदारांचे रुसवे, यांचीच गाऱ्हाणीं त्यांत फार. शिक्षकानें विद्यार्थ्यांस इतिहास कसा दाखवावा याचा धडा मला या कागदांइतका अन्यत्र कोठें मिळालेला नाहीं, आणि तो फार उशिरा मिळाला. कसा, तें पुढें सांगतों.

सकाळीं प्रथम मीरासाहेबांच्या दर्ग्यांत गेलों. येथील उरुसांत पहिला गलेफ चर्मकार समाजाचा चढतो. याच आवारांत अब्दुल करीमखांसाहेबांची कबर आहे. १९३७ मध्यें दक्षिणेंत प्रवासांत त्यांचा अंत झाला व त्यांस मिरजेस आणून येथें दफन करण्यांत आलें. दर्ग्यापासून जवळच तंतुवाद्यें करणारांचीं दुकानें आहेत. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार लावणारे. तलवारींचा धंदा बसला तेव्हां एकोणिसाव्या शतकांत ते तंबोऱ्याकडे वळले. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. एवढें सर्व सांगून होतें न होतें तोंच एक मुलगा म्हणाला, ‘पण दंगल इथंच झाली होती ना?’ होय, झाली होती. २००९ च्या सप्टेंबरांत गणेशोत्सवांतील एका कमानीवरील अफजलखान-वधाच्या चित्रावरून मिरजेंत दंगल उसळली व शहरांत संचारबंदी लागली. या मुलांपैकीं बहुतेकांचा त्या वेळीं जन्महि झालेला नव्हता. तरी सर्वांस ती ठाऊक. गंडरादित्याचा तलाव मात्र एकासहि ठाऊक नव्हता. घरांतून आणि गल्लींतून जो इतिहास आपोआप पोंचतो तो कोणत्या जातीचा असतो, हें यावरून दिसून यावें.

वाडीस आम्ही फार वेळ थांबलों नाहीं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहसरस्वतींचें हें स्थान. पूर आला कीं पाणी उत्तरेच्या दारानें आंत शिरून पादुकांवरून दक्षिण दारानें बाहेर पडतें, आणि त्या स्नानासाठीं लोक रात्रीं-अपरात्रीं धांवत जातात. दत्ताच्या या देवळास शिखर कां नाहीं, असें मुलांनीं विचारलें. सांगतात तें असें कीं, विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टि येथें परत आली, म्हणून त्यानें हें देऊळ बांधून दिलें व औरवाड आणि गौरवाड हीं गांवें इनाम दिलीं. कथा म्हणून सांगितली, कथा म्हणूनच मुलांनीं घेतली. ज्या भाविकांनीं ती शतकानुशतकें सांभाळली, त्यांस तींत कमीपणा वाटला नाहीं, हें मला कथेइतकेंच महत्त्वाचें वाटतें.

कुरुंदवाडवरून पुढें सैनिक टाकळी लागते. घरोघर एक तरी माणूस फौजेंत, अशी या गांवाची ख्याति. त्यापुढें खिद्रापूर. येथें आमचा निम्मा दिवस गेला, आणि तो पुरला नाहीं.

कोपेश्वराचें देऊळ ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एवढेंच डोळ्यांपुढें आणावें: ४८ खांबांचा एक मंडप, मध्यें छत नाहीं, गोल आकाश. त्याच्या बरोबर खालीं तेवढीच गोल शिळा. या मंडपास स्वर्गमंडप म्हणतात. मुलें त्या शिळेवर उताणीं पडून वर पाहत राहिलीं व कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. गाभाऱ्यांत दोन लिंगें आहेत. दक्षाच्या यज्ञांत सतीनें देह टाकला तेव्हां शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याची समजूत घालण्यास विष्णु आला, तो धोपेश्वर. परंतु शिवालय असून दारांत नंदी नाहीं. कारण सती माहेरीं गेली ती नंदीवर बसून. आणि तें माहेर म्हणजे येडूर. नंदी तिकडेच राहिला. येडूरला तो आहेहि. खिद्रापुराहून दहा-बारा किलोमीटरांवर. मात्र आज कर्नाटकांत.

देवळांतील शिलालेख बहुतेक कन्नड आहेत. दक्षिण दाराजवळचा एक संस्कृत लेख तेवढा देवनागरींत, देवगिरीच्या सिंघण यादवाचा, शके ११३६ चा. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा सिंघणानें पाडाव केला, त्यानंतर थोड्याच काळांत हा लेख कोरला गेला. त्यांत कोपेश्वराच्या पूजेसाठीं कुडलदामवाड, म्हणजे हल्लींचें कुरुंदवाड, दिल्याचा उल्लेख आहे. हा लेख मी तरुणपणापासून भक्तीचा पुरावा म्हणून दाखवीत असें. आतां मला तो तितका सोपा वाटत नाहीं. ज्या मुलखाचा राजा नुकताच जिंकला, तेथील देवास गांव देणें म्हणजे आतां दान देण्याचा अधिकार कोणाचा, हें दगडावर लिहून ठेवणें. भक्ति खोटी होती असें मी म्हणत नाहीं; पण तिच्याबरोबर मालकीहि नोंदली गेली. वाडीच्या कथेंतील बादशहाचें इनाम घ्या, सिंघणाचें गांव घ्या, जिंकणाराला देवाकडे यावेंच लागे. या भूमींत इतकीं दानें झालीं याचें एक कारण ती वारंवार हातांतून हातांत गेली, हेंच असावें. पावित्र्य आधीं आणि तंटा मागून आला, असें आपण समजतों. येथें दोन्हीं एकमेकांच्या आधारानें वाढलेलीं दिसतात.

इतक्यांत एक स्थानिक गृहस्थ आपण होऊन माहिती सांगूं लागले. देवळाच्या पायाशीं हत्तींची रांग आहे; पुष्कळांच्या सोंडा तुटलेल्या. ‘औरंगजेबाच्या फौजेनं फोडल्या,’ असें ते म्हणाले. तशी या भागांत समजूत आहेच. वर्गांत दोन मुसलमान मुलें होतीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. पण पंधरा-वीस माना त्यांच्याकडे वळल्या, आणि लगेच दुसरीकडे वळल्या.

हें दृश्य मीं पूर्वीं एकदां पाहिलेलें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं प्रतापगडच्या सहलींत मीं अफजलखानाच्या वधाची हकीकत इतक्या आवेशानें सांगितली कीं मुलांनीं टाळ्या पिटल्या. वर्गांतील एक हुशार मुलगा, सतार करणाराचा नातू, त्या दिवशीं मागें मागें राहिला. पुढच्या वर्षीं त्यानें सहलीचे पैसे भरले नाहींत. घरची अडचण असेल असें मीं मनाशीं म्हटलें व तो विषय सोडून दिला. माझ्या हकीकतींत खोटें अक्षर नव्हतें. मात्र विजापूरच्या फौजेंत मराठे सरदार होते आणि महाराजांच्या पदरीं मुसलमान होते, हें मला ठाऊक असून मीं सांगितलें नव्हतें, कारण त्यानें रंग फिका पडला असता.

म्हणून या खेपेस मीं त्या गृहस्थांचें बोलणें खोडलें नाहीं. औरंगजेबाच्या फौजा या मुलखांत होत्या हें खरें आहे. मुलांस एवढेंच म्हटलें कीं, तुटलेली सोंड कोणी तोडली हें सोंड स्वतः सांगत नाहीं. त्यासाठीं कागद किंवा लेख शोधावा लागतो. आणि सिंघणाचा लेख पुन्हां दाखविला: भोजाचें राज्य बुडविणारा हाहि शिवासच दान देणारा होता. माना पुन्हां दगडाकडे वळल्या. मला यापेक्षां अधिक साधतां आलें असें म्हणवत नाहीं.

शिक्षकांनीं मग विचारलें, येडूरचा नंदी कोणी पाहिला आहे काय? कोणी हात वर केला नाहीं. १९५६ मध्यें बेळगांव जिल्हा मुंबई राज्यांतून म्हैसूर राज्यांत गेला. १९६७ मध्यें महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्रानें मानला नाहीं. २००४ मध्यें महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. मधून मधून वाद पेटतो, २०२२ च्या डिसेंबरांत पेटला होता तसा, आणि दोन्ही बाजूंच्या बसगाड्या कांहीं दिवस थांबतात. भाषेच्या न्यायानें महाराष्ट्राचें म्हणणें मला पटतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या देवळांतील बहुतेक लेख कन्नड, त्याच्या दारांत उभें राहून हा वाद मुलांस सांगतांना माझा आवाज नेहमींपेक्षां खालीं आला, हेंहि सांगितलें पाहिजे.

परततांना आम्ही नदीकांठीं उतरलों. समोर जुगूळ, कर्नाटकाचें गांव. तिकडच्या कर्ण्यावरचें गाणें इकडे स्पष्ट ऐकूं येत होतें. एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘आजोबा, येडूरचा नंदी मी पाहिलाय. माझं आजोळ तिकडंच आहे. मामा नेतो आम्हांला.’

‘मग मघाशी सरांनी विचारलं तेव्हा का गं बोलली नाहीस?’

‘ते कर्नाटकातलं आहे ना. सहलीत सांगितलेलं चालतं की नाही, ठाऊक नव्हतं.’

तिला बसमध्यें पुढें बसविलें आणि मिरज येईपर्यंत सर्व वर्ग तिच्याकडून येडूरची जत्रा ऐकत आला. पुढील वर्षाच्या सहलीच्या अर्जांत शिक्षकांनीं येडूरचें नांव घातलें आहे. परराज्यांत मुलें नेण्यास वेगळी परवानगी लागते. ती अद्याप आलेली नाहीं.