डॉ. आंबेडकरांचा वारसा आणि बाजारपेठ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे भारतातील नागरी हक्कांच्या लढ्याचे अग्रणी होत. महाड (१९२७) व काळाराम मंदिर (१९३०) सत्याग्रहांतून घडलेला त्यांचा वारसा आज पुतळे, तसबिरी, दिनदर्शिका व गीते या रूपांत विकला जातो. या व्यापाराचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथविक्रीची परंपरा :
विक्री म्हणजे विचारांची अवहेलनाच, असे मानणे इतिहासाला धरून नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यावर बाबासाहेबांनी आपले भाषण १९३६ मध्ये स्वतः छापून विकले. १५०० प्रतींची ती आवृत्ती दोन महिन्यांत संपली. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमी परिसरात भरणारा ग्रंथबाजार याच परंपरेतील होय.

स्वामित्वहक्क :
भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे बाबासाहेबांचे असे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनवर्षापासून मोजली जाते. १९८७ च्या चौथ्या खंडातील अशा लेखनाची मुदत या हिशेबाने २०४७ अखेर संपते.

अमेरिकेतील तुलना :
मार्टिन ल्यूथर किंग यांचे प्लॅस्टिकचे अर्धपुतळे विनासंमती विकण्याच्या वादात जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्रसिद्धीचा हक्क मृत्यूनंतरही टिकतो, असे मान्य केले. तेथे प्रतिमेवरही वारसांचे नियंत्रण आले. बाबासाहेबांची प्रतिमा मात्र असंख्य लहान कारागिरांच्या व विक्रेत्यांच्या हातून घरोघरी पोहोचली.

उपलब्धतेचा प्रश्न :
महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली इंग्रजी खंड प्रसिद्ध केले. अल्प किंमत हे त्यांचे बलस्थान होय. तथापि, खंडांच्या रखडलेल्या छपाईविषयीच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. मूर्ती सहज मिळते, पण मूळ ग्रंथासाठी थांबावे लागते, ही विसंगती त्यातून उघड झाली.

निष्कर्ष :
खरा धोका विक्रीत नसून प्रतिमेने विचारांची जागा घेण्यात आहे. अकलूजसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ परवडणाऱ्या किमतीत मिळतो का, हीच या वारशाच्या जतनाची कसोटी होय. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मुक्त झालेले ग्रंथ व शासकीय खंड प्राधान्याने उपलब्ध करून देणे, हे त्या दिशेने टाकलेले पाऊल ठरेल.