पालशेतची एक वाट

वैद्यकीय हलगर्जीपणाचा विषय निघाला की बहुतेकजण १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून प्रारंभ करतात. आम्हांस मात्र त्यापूर्वीचे, मराठी मुलखातील एक प्रकरण अधिक मोलाचे वाटते.

मे १९५३ मध्ये कोकणातील पालशेतच्या समुद्रकिनारी विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला सुमारे दोनशे मैलांवरील पुण्यास नेण्यात आले. तेथे शल्यविशारदाने भूल न देता, केवळ मॉर्फिया टोचून, तीन परिचारकांच्या मदतीने जोर लावून हाड बसविले. त्याच रात्री मुलगा गेला. दाखल्यावर कारण 'फॅट एम्बॉलिझम' असे लिहिले गेले. वडील स्वतः डॉक्टर. त्यांना ते पटले नाही. (एखाद्या कारकुनाने त्या दाखल्यापुढे मान तुकविली असती.)

दिवाणी न्यायालयाने तीन हजार रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने व अखेर २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही बाबतींत काळजी घेणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, असे तेथे ठरले.

१३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालाने सशुल्क उपचार ग्राहक कायद्याखाली आले. २००२ च्या नियमांनी मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. घरच्या वृद्धांसाठी अर्ज लिहिताना ते ७२ तास आम्ही आवर्जून नमूद करतो.