गावीत मायलेकींचा अभियोग

अंजनाबाई गावीत आणि तिच्या कन्या रेणुका शिंदे व सीमा गावीत यांचें प्रकरण अलीकडील आहे. तथापि त्याचे कागद आतां इतिहासाच्या दप्तरांत पडले असल्यानें त्याचा विचार येथें करीत आहों. 1990 ते 1996 या काळांत या मायलेकींनीं 13 लहान मुलें पळविलीं व त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले, असा अभियोग होता.

त्यांचा मूळ धंदा गर्दींतील चोरीचा. देवालयें, यात्रा, बसस्थानकें येथें दागिने व पाकिटें लांबवावयाचीं आणि पकडलें गेल्यास कडेवरील पोर पुढें करावयाचें. लेकुरवाळ्या बाईवर जमाव सहसा हात उगारीत नाहीं, हें त्यांनीं नेमकें हेरलें होतें. 1990 सालीं कोल्हापुरांत एका भिकारणीचें मूल त्यांनीं पळविलें. पुढें चोरी करतांना सीमा सांपडली, तेव्हां अंजनाबाईनें तेंच मूल जमिनीवर आपटून लोकांचें लक्ष वळविलें. जखमी मूल रडावयाचें थांबेना म्हणून त्याला ठार केलें. मूल अडचणीचें झालें कीं त्याची हीच गत होई.

सहा वर्षें हें चाललें कसें? आमचें अनुमान असें कीं, गरिबाचें मूल हरवलें तर त्याचा पाठपुरावा करणारें कोणी नसतें, आणि एका गांवच्या दप्तराचा दुसऱ्या गांवच्या दप्तराशीं सांधा जुळत नाहीं. आमच्या पहुरास जळगांव, जामनेर व अजिंठा यांकडील रस्ते मिळतात. अशा ठिकाणीं कडेवर मूल घेतलेल्या परक्या बाईस कोण हटकणार? अखेर अंजनाबाईच्या विभक्त पतीच्या दुसऱ्या संसारांतील मुलगी नाहींशी झाली. त्या मुलीच्या आईचा संशय यांच्यावर होता, आणि त्यावरूनच 1996 च्या अखेरीस या तिघी पकडल्या गेल्या.

अंजनाबाई खटल्यापूर्वीच कारागृहांत मरण पावली. रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दोषी व साथीदार यांची साक्ष वर्ज्य सांगितली आहे. परंतु तेथेंच साहसाच्या, म्हणजे बलात्कृत अपराधांच्या, प्रकरणीं साक्षीदारांची फार पारख करूं नये असेंहि म्हटलें आहे. गुप्तपणें घडलेला अपराध आंतल्या माणसावांचून उघड होत नाहीं, ही अडचण स्मृतिकारांसहि ठाऊक होती असें दिसतें.

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानें 2001 च्या जूनमध्यें दोघी बहिणींस देहान्ताची शिक्षा दिली. ती मुंबई उच्च न्यायालयानें 2004 मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें 2006 मध्यें कायम केली. पुढें दयेचे अर्ज झाले आणि शासनाची लेखणी अडली. राष्ट्रपतींचा नकार येण्यास 2014 साल उजाडलें. अर्जांच्या निकालास लागलेला 7 वर्षें, 10 महिने व 15 दिवसांचा विलंब अक्षम्य ठरवून उच्च न्यायालयानें 18 जानेवारी 2022 रोजीं फांशी रद्द करून जन्मठेप दिली.

या निर्णयानें अपराध सौम्य ठरला, असें पुष्कळांनीं समजून घेतलें. तें बरोबर नाहीं. न्यायालयानें दोष पुसला नाहीं, दप्तरदिरंगाईचा हिशेब मात्र शासनाकडून घेतला. आमच्या मतें तो योग्यच होता. दिवस मोजीत ठेवणें ही दंडावर चढविलेली दुसरी शिक्षा होय. मृत मुलांच्या मातापित्यांस मात्र तोच विलंब निराळ्या अर्थानें भोगावा लागला, आणि त्याची भरपाई कोणत्याहि निकालपत्रांत नाहीं. बहिणींनीं तत्काळ मुक्ततेचीहि मागणी केली होती. ती न्यायालयानें मान्य केली नाहीं.