व्हिडिओ कॉलमध्ये लॅपटॉपचा माइक अचानक बंद पडला? या क्रमाने तपासा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला माझा एक ऑनलाइन इंटरव्ह्यू. पहिली दहा मिनिटं मस्त गेली. मग खाली रस्त्यावर खोदकाम सुरू झालं, म्हणून मी ड्रॉवरमधले जुने वायरवाले इअरफोन लावले. मला समोरच्यांचं नीट ऐकू यायला लागलं, पण त्यांना माझा आवाज जाईना. मी घाबरून लॅपटॉप रिस्टार्ट केला. तरी तेच. शेवटी वैतागून इअरफोन उपसले आणि माइक लगेच चालू झाला! तोवर त्यांची वेळ संपली होती.

झालं काय होतं? इअरफोनचा माइक कधीचाच मेलेला होता आणि लॅपटॉपने आपला चांगला माइक सोडून तोच पकडला होता. म्हणूनच सांगतो, कॉलच्या मधेच आवाज गेला तर बहुतेक वेळा माइक बिघडलेला नसतो, लॅपटॉप भलत्याच माइकवर ऐकत असतो.

आधी कॉल वाचवा

कॉल कट करू नका, रिस्टार्ट तर मुळीच नको. चॅटमध्ये लिहा: "माइक बंद पडलाय, फोनवरून जॉइन होतोय." तीच लिंक फोनवर उघडा. फोनवरून बोलताना लॅपटॉपचा माइक म्यूट ठेवा आणि स्पीकर शून्यावर आणा, नाहीतर आवाज घुमेल. दुरुस्ती नंतर निवांत करता येते.

१. म्यूट तीन ठिकाणी असू शकतं

ॲपमधलं बटण सगळे बघतात. पण बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवर माइकचं चित्र असलेली वेगळी की असते, बहुतेकदा वरच्या एफ-कींच्या रांगेत. चुकून ती दाबली गेली की ॲपमध्ये माइक चालू दिसतो, पण आवाज जात नाही. तिसरी जागा म्हणजे इअरफोनच्या वायरवरचं बटण किंवा हेडसेटवरचा स्विच.

२. कोणता माइक निवडलाय?

झूम, मीट, टीम्स, तिन्हींत माइकच्या बटणाशेजारी छोटा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की माइकची यादी दिसते. त्यातून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. यादीत तो बऱ्याचदा 'मायक्रोफोन ॲरे' या नावाने असतो.

ब्लूटूथ इअरबड्स वापरत असाल तर एक खूण लक्षात ठेवा. इअरबड्सचा माइक सुरू झाला की ऐकू येणारा आवाजही बऱ्याचदा जुन्या फोनसारखा बसका होतो, कारण ब्लूटूथ तेव्हा गाण्यांचा मोड सोडून फोन कॉलच्या मोडमध्ये जातं. आवाज असा बदलला, तर माइक इअरबड्सकडे गेलाय असं समजा.

३. पट्टी हलते का?

ही सगळ्यात कामाची टेस्ट आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं जा. इनपुटखाली आपल्या माइकवर क्लिक करा आणि बोला. मॅकमध्ये सिस्टम सेटिंग्ज, साउंड, इनपुट इथे हीच सोय आहे.

बोलताना पट्टी हलत असेल तर माइक ठणठणीत आहे, गडबड ॲपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आहे. पट्टी हलतच नसेल तर आधी तिथला व्हॉल्यूम शून्यावर नाही ना ते बघा आणि मग थेट पाचव्या मुद्द्यावर जा.

४. परवानगी

आवाज कॉलच्या सुरुवातीपासूनच जात नसेल तर परवानगीवर पहिला संशय घ्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथे जा. ॲप्सची परवानगी चालू करा आणि त्याच पानावर खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं बटण आहे, तेही चालू करा. लोक नेमकं तेच विसरतात. क्रोममधून कॉल करत असाल तर पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या आयकॉनवर क्लिक करून त्या साइटला माइक 'अलाउ' करा आणि पान रिफ्रेश करा.

कधी कधी दुसरं एखादं ॲप माइक अडवून बसतं. रेकॉर्डर, गेमचं व्हॉइस चॅट, दुसऱ्या टॅबमधली जुनी मीटिंग, सगळं बंद करा. तरीही नाही जमलं तर साउंडच्या पानावर खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. त्यात रेकॉर्डिंग, आपला माइक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड असं जाऊन 'एक्सक्लुझिव्ह कंट्रोल'ची टिक काढा.

५. शेवटी ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स' उघडा, माइकवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि आता रिस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर परत टाकतं. नवा ड्रायव्हर हवा असेल तर विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

एवढं करूनही आतला माइक गप्प आणि चांगला हेडसेट लावल्यावर आवाज जातोय, तर आतला माइक खरंच गेला असेल. त्याची छोटी भोकं बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या आजूबाजूला असतात. त्यात पिन घालू नका, रिपेअरवाल्याला दाखवा. तोवर साधा वायरवाला हेडसेट वापरा.

कॉलच्या आधी दोन मिनिटं

महत्त्वाचा कॉल असेल तर इअरफोन सुरुवातीलाच ठरवा आणि तेच लावून पट्टी हलते का बघा. नको असतील तर ब्लूटूथ बंद ठेवा. फोन चार्ज करून, मीटिंगचं ॲप टाकून शेजारी ठेवा. आणि कॉलच्या मधे ड्रॉवरमधले जुने इअरफोन बाहेर काढू नका. तो इंटरव्ह्यू गमावून मी हे शिकलोय, तुम्ही फुकटात शिका.