एक कीं अनेक?

व्याकरणाचें नांव काढतांच शाळेंतील छडीची आठवण व्हावी, असा आमच्या बहुतेक वाचकांचा अनुभव असेल. परंतु केवळ एका क्रियापदाच्या वचनांत एका राष्ट्राचा इतिहास कसा सांठून राहतो हें पाहिलें, म्हणजे ह्या रुक्ष मानलेल्या शास्त्राविषयीं त्यांचें मत थोडें तरी बदलेल, अशी आम्हांस आशा आहे.

समूहवाचक नामाचें क्रियापद एकवचनी असावें कीं अनेकवचनी, हा इंग्रजी वैयाकरणांचा जुना वाद आहे. सेना, सभा, सरकार ह्या अर्थाच्या शब्दांचें रूप एकाचें, पण अर्थ अनेकांचा. मराठींत हा पेंच सहसा पडत नाहीं. सैन्य लाखाचें असलें तरी तें 'निघालें' असेंच आपण म्हणतों; उलट आदर दाखवावयाचा असला म्हणजे एकट्या माणसासही 'आले' म्हणून अनेकवचन देतों. इंग्रजींत मात्र रूपाकडे पाहावें कीं अर्थाकडे, ह्याविषयीं एकमत नाहीं. अमेरिकेंत जन्मून पुढें इंग्लंडांत यॉर्क शहराजवळ स्थायिक झालेल्या लिंडले मरे ह्यानें १७९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याकरणांत असा निवाडा दिला कीं, अशा नामांस दोन्ही वचनें चालतील. मात्र त्या शब्दानें एकत्वाची कल्पना व्यक्त होते कीं अनेकत्वाची, हें ध्यानांत घेऊनच निवड करावी.

ह्या विचाराची खरी कसोटी लागली ती मरेच्या जन्मभूमीच्या नांवावर. येथें मात्र प्रकार उलटा होता. 'युनायटेड स्टेट्स' हें रूपच अनेकवचनी. त्याचा अर्थ एक मानावा कीं अनेक, हाच प्रश्न. आरंभीं ह्याविषयीं फारशी शंका नव्हती. १७७६ सालीं ज्यांनीं स्वातंत्र्य पुकारलें त्या वसाहती तेरा होत्या. आणि १७८३ च्या तहांत इंग्लंडच्या राजानें त्या तेराही संस्थानांचीं नांवें एकामागून एक घेऊन त्यांचें स्वातंत्र्य मान्य केलें. १७८७ च्या राज्यघटनेंत देशद्रोहाची व्याख्या करतांना संयुक्त संस्थानांविषयीं 'त्यांच्याविरुद्ध' युद्ध करणें, 'त्यांच्या' शत्रूंस मिळणें, अशीच भाषा आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. संस्थानें अनेक असतील, तर स्वेच्छेनें जुळलेल्यांस स्वेच्छेनें विलग होतां येईल. राष्ट्र एक असेल, तर तें विलग होणें म्हणजे बंड ठरेल. गुलामगिरी टिकविण्याच्या हट्टानें दक्षिणेकडील अकरा संस्थानें फुटून निघालीं, तेव्हां ह्या प्रश्नाचा निकाल १८६१ पासून १८६५ पर्यंत रणांगणावर लागला. त्यांत सहा लाखांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

ह्या युद्धापूर्वीं अमेरिकन लोक आपल्या देशास 'आर' हें अनेकवचनी क्रियापद लावीत आणि युद्ध संपतांच 'इज' हें एकवचनी लावूं लागले, असें म्हणण्याचा प्रघात आहे. ही उक्ति मोठी चटकदार आहे. पण इतिहास इतका आज्ञाधारक नसतो. कांहीं मुत्सद्दी युद्धापूर्वींच एकवचन वापरीत होते. उलट ज्या तेराव्या दुरुस्तीनें १८६५ सालीं गुलामगिरी नष्ट केली, तिच्यांतही संयुक्त संस्थानांच्या अधिकाराविषयीं 'त्यांच्या' हेंच सर्वनाम आहे. १८६९ सालीं टेक्सासच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें संघ अभंग असल्याचा निर्णय दिला खरा. तथापि त्या न्यायालयाच्या निकालपत्रांचा २००८ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावरून एकोणिसावें शतक संपेपर्यंत न्यायाधीशांच्या लेखणींतून अनेकवचनच अधिक उतरत होतें असें दिसतें. १९०१ सालींही जॉन फॉस्टर ह्या माजी परराष्ट्रमंत्र्यास 'आर कीं इज' ह्या प्रश्नावर न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत लेख लिहून एकवचनाची बाजू मांडावी लागली, आणि पुढील वर्षीं प्रतिनिधिगृहाच्या कायदे-सुधारणा समितीनें एकवचनाच्या बाजूनें कौल दिला. तोफांनीं जें चार वर्षांत ठरविलें, तें लेखणीच्या वळणीं पडण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं.

इंग्लंडकडे पाहिलें तर ह्याच्या अगदीं उलट चित्र दिसतें. १९१७ सालीं परराष्ट्रमंत्री बालफोर ह्यांनीं पॅलेस्टाइनविषयीं जें सुप्रसिद्ध पत्र लिहिलें, त्यांत बादशहांच्या सरकारास क्रियापद व सर्वनाम हीं दोन्ही अनेकवचनी आहेत. राज्य एक, सरकार एक. पण सरकार म्हणजे एकत्र बसून विचार करणारे मंत्री, ही कल्पना त्या भाषेंतून हटली नाहीं. पन्नासांच्या जवळ पोंचलेलीं संस्थानें एक झालीं, आणि एक सरकार अनेक राहिलें!

आमच्या भाषेनेंही ह्या प्रवासाची थोडी साक्ष ठेविली आहे. जुन्या मराठी ग्रंथांत तो देश 'अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें' म्हणून भेटतो. आज आपण नुसतें 'अमेरिका' म्हणतों आणि एकवचन लावून मोकळे होतों. ज्या एकवचनासाठीं तेथें रक्त सांडलें, तें आपल्या तोंडीं सहज बसलें आहे. मरेच्या नियमाचें मर्म हेंच. अनेकांचें एक झालें कीं नाहीं, हें वैयाकरण ठरवीत नाहीं; तें त्या अनेकांच्या मनांत ठरावें लागतें. तेथें एकदां ठरलें, म्हणजे क्रियापद, सावकाश कां होईना, मागोमाग येतेंच.